काचवालीची सासू

टीव्हीच्या पडद्यावरच्या म्हातारीने सुटकेस उचलली आणि सरळ खिडकीतून खाली फेकली.

सुनेने घसा साफ केला आणि खालची भाषांतराची ओळ वाचून दाखवली, "जा बाळ, सुखाने संसार कर."

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. पाच ते सहा त्यांचं मौन असे. बावीस वर्षांत तो नेम एकदाही चुकला नव्हता. ही जपानी मालिका दर शनिवारी नेमकी पाचलाच लागायची, त्यामुळे सगळ्या शंका सहापर्यंत पोटात ठेवाव्या लागत.

खालच्या बारीक ओळी त्यांना दिसत नव्हत्या. मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आठवडाभर ती लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी येऊन सासूबाईंसाठी स्वतः वाचत बसायची.

मालिका प्रेमाची होती, पण जगावेगळी. नायिका चाळिशीची विधवा, उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणारी. नायक नवव्या मजल्यावर आत बसून छत्र्या दुरुस्त करणारा. सात भाग झाले तरी दोघांनी एकमेकांना हात लावला नव्हता. काचेच्या अलीकडून आणि पलीकडून नुसते वाकून नमस्कार चालले होते. सासूबाईंचं मत असं, की या दोघांच्या कमरा धरतील, पण लग्न काही होणार नाही.

काचवाली राहायची मेलेल्या नवऱ्याच्या आईजवळ, आणि ती म्हातारी महा खाष्ट. सून दुसरं घर मांडते म्हटल्यावर तिने आकांत मांडला होता. तो सगळा खालच्या ओळींत स्वच्छ लिहिलेला असायचा. सुनेने त्यातलं अक्षरही वाचून दाखवलं नव्हतं.

तिचा स्वतःचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. चष्म्याच्या दुकानाला लागून घड्याळजीचं दुकान होतं. वर्षभरापूर्वी त्याने विचारलं, तिने हो म्हटलं, आणि गाडी तिथेच अडली. मुलगा गेला, आता सूनही निघाली, हे आईंना कुठल्या तोंडाने सांगायचं? घड्याळजीची रडकथा वेगळी नव्हती. त्याचे वडील विधुर, कडक शिस्तीचे. त्यांच्यापुढे त्याचा आवाज फुटत नसे. शेवटी दोघांनी ठरवलं, आधी आईंचं मन वळवायचं, आणि तेही त्यांचे डोळे सुधारायच्या आत.

मग दर शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत दोघं वाक्यं जुळवायला लागले. कुठल्याही प्रसंगात बसतील अशी. 'माणसाने पुन्हा घर मांडावं, लोक दोन दिवस बोलतात' हे तिचं. 'तू माझी सून नाहीस, मुलगी आहेस' हे घड्याळजीचं. त्या वाक्यावर तो स्वतःच इतका खूश झाला, की हातातला स्क्रू खाली पडला आणि पुढे अर्धा तास दोघं तो शोधत होते.

वाक्यं बसत होती. चेहरे बसत नव्हते.

सहा वाजले. सासूबाईंनी पहिली शंका काढली. "आशीर्वाद देताना तोंड किती वाकडं करते गं ही."

"तिकडे माया अशीच दाखवतात, आई."

"आणि ती सुटकेस?"

"जिन्याने न्यायला जड पडते ना."

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, जड असेल बाई. आणि ते पुन्हा घर मांडायचं वाक्य परत एकदा म्हणून दाखव म्हणाल्या.

हे आता दर आठवड्याला होऊ लागलं. आई वाक्यं पाठ करत होत्या. सकाळचा बागेतला फेरा लांबला होता. गुडघ्यांची तक्रार बंद झाली होती. आपण गेलो तरी त्या सावरतील, असं सुनेला पहिल्यांदाच वाटायला लागलं.

शेवटच्या भागात म्हातारीने दार आपटलं, आतून कडी घातली आणि काचवाली पावसात निघून गेली. सुनेने जमवलेली सगळी वाक्यं त्या दारावर वाहिली. सहा वाजले. आज बोलायचंच, असं ठरवून तिने टीव्ही बंद केला.

सासूबाई डोळे पुसत होत्या. "बस इथे. तू मला हे सगळं का ऐकवत होतीस, ते कळलंय मला."

सून हातातला रिमोट न ठेवताच बसली.

"तुझ्यापाशी विषय कसा काढू, म्हणून मी किती दिवस घुटमळत होते," त्या म्हणाल्या. "तूच धीर दिलास. बागेत एक गृहस्थ भेटतात. विधुर आहेत. जरा कडक आहेत, पण मन चांगलं. लग्नाच्या नोंदणीची तारीख घेतलीय आम्ही. ऑपरेशननंतरची. म्हटलं, एकदा नीट बघून तरी घ्यावं."

 सुनेला हसू फुटलं. वर्षभराचं ओझं एका दमात उतरलं होतं. आता आपलंही सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण सासूबाईंनी तिचा हात धरला.

"तुला एकटी टाकून नाही हो जाणार. तू तिकडेच राहायचंस. त्यांना स्पष्ट सांगितलंय, ही माझी सून नाही, मुलगी आहे. त्यांनीही लगेच मान्य केलं. येतीलच ते इतक्यात."

दारावरची बेल वाजली. सुनेने दार उघडलं. गळ्यापर्यंत बटणं लावलेले एक ताठ वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांच्यामागे, हातात फुलं घेऊन, पांढराफटक पडलेला घड्याळजी उभा होता.

"अगं, अशी बघत काय राहिलीस?" मागून सासूबाई म्हणाल्या. "दादाला आत ये म्हण."