पैनगंगेची ओटी

पूर ओसरला तसं सारं गाव पैनगंगेची ओटी भरायला काठावर जमलं. गोजरबाईचं घर तर अख्ख्या खालच्या आळीसकट वाहून गेलं होतं. शालिग्राम पाटलानं नदीला नेसवायला खामगावहून हिरवंगार लुगडं आणलं होतं.

"काकू, गावातली जुनी सवाशीण तुमी," पाटील लुगडं तिच्या हाती देऊन, हात जोडून म्हणाला. "माय कोपली हाये आपल्यावर. तुमच्या हातानं नेसवा तिले."

गोजरबाईनं उघड्याबोडक्या काठाकडे पाहिलं. पूर्वी निरगुडी-करंजाचं दाट बन होतं तिथं. केवढाही पूर येवो, पाणी त्या बनात शिरलं की मंदावायचं. कापसाला भाव आला तसं पाटलानं ते मुळासकट खणून काढलं आणि थेट पाण्यापर्यंत पऱ्हाटी पेरली. फुकटचं जळण मिळालं म्हणून गावानं दात काढत मोळ्या घरी नेल्या. तीच माणसं आता डोळे मिटून उभी होती. गोजरबाईनं लुगडं पाटलाच्या अंगावर फेकलं.

"कोन्या तोंडानं ओटी भरता? जनमाचं हिरवं लुगडं होतं इच्या अंगावर. ते तुमीच त फेडलं, साऱ्यायनं मिळून!"