पंपाची खोली

संस्थान विलीन झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या एका पेठेत नळ कोरडे पडले. टाकीच्या राखणदारानं, पिराजीनं, टाकीतून कळशी भरताना सापडलेल्या चिमुरडीला बडवून आपल्या घरालगतच्या पंपाच्या खोलीत कोंडलं. तिसऱ्या प्रहरी रिकाम्या घागरी वाजवत बायकांचा लोंढा त्याच्या दारावर धडकला. "पोरगी सोड, न्हायतर घर पेटवू!" पिराजी कोपऱ्यात दडून बसला होता. "कडी काढू नगंस, शेवंता! जित्ता न्हाय ठेवायच्या मला." बायकोच्याही तोंडचं पाणी पळालं होतं, पण पंपाच्या खोलीतलं रडणं मघाशीच थांबलं होतं, याचं भय त्याहून मोठं होतं. नवऱ्याच्या कमरेची किल्ली ओढून घेत ती बाहेर पडली. किल्ली बघून बायकांनी तिला वाट दिली. तिनं कुलूप काढलं. पोर जिवंत होती. आईनं गर्दीतून धावून तिला उचललं. शेवंतानं तांब्याभर पाणी आणलं. पोर आईला घट्ट बिलगली. "नगं मला पानी. परत कोंडत्याल."