"झालं!" म्हटल्यानंतर

"हसा की, साहेब! हसण्याला तिकीट नाही," असं म्हणत वाघचौरे फोटोवाल्यानं तीस वर्षांत अख्ख्या तालुक्याचे दात मोजले होते.

पण त्याचा स्वतःचा प्रयोग त्यापुढे सुरू व्हायचा. "झालं!" म्हटलं की गिऱ्हाईक हसू आवरतं, खांदे टाकतं, नेमका तेव्हा तो गुपचूप आणखी एक फोटो काढायचा. खरा माणूस त्यातच सापडतो, असं त्याचं ठाम मत. असे चारशे दमलेले चेहरे जमले होते, पण कुणाला दाखवायची हिंमत झाली नव्हती. हल्ली आरशात त्याला चारशे एकावा दिसायचा.

आज कंडक्टर खिलाऱ्यांची बायको दहाव्यासाठी नवऱ्याचा फोटो न्यायला आली. निवृत्तीच्या निरोप समारंभातला हसरा फोटो त्यानं तिच्यापुढे ठेवला आणि मन घट्ट करून शेजारी त्यानंतरचाही ठेवला. त्यात खिलारे गळ्यातला हार उतरवून हातात धरून, मान खाली घालून बसले होते.

तिनं दोन्ही फोटो नीट पाहिले. मग दुसऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "आमचे हे म्हणजे हे बघा."

तीस वर्षांत पहिली दाद! वाघचौरेच्या दुखऱ्या पाठीतसुद्धा जीव आला. "मग हाच मोठा करू ना, वहिनी?"

"नको, भाऊ. हे रोज घरी यायचे, यांना पुरती ओळखते मी." तिनं हसरा फोटो जवळ ओढला आणि पदरानं पुसला. "यांची मात्र कधी गाठच पडली नाही. भिंतीवर यांना राहू द्या."