भोपळ्यात कोण आहे?

"मुलांच्या हाती पुस्तकं देऊ नका, फाडून ठेवतील," असं वाचनालयाचे साहेब उठता-बसता बजावायचे आणि चित्रांच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचे. बालविभागाच्या ताईंनी त्यांच्या हातापाया पडून भोपळ्याच्या गोष्टीचं एक पुस्तक कसंबसं बाहेर काढलं होतं. काल गोष्ट ऐन रंगात आली, भोपळ्याच्या आतून टकटक ऐकू आली आणि नेमकी वेळ संपली. "आत कोण आहे ते उद्या!" असं कबूल करून ताईंनी पोरांना घरी पिटाळलं.

आज वाचनालय बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर मुलांकडून कागदी भोपळे करून घ्यायचे होते. ताई आल्या तेव्हा टेबलावर नारंगी पट्ट्यांचा ढीग तयार होता.

"नारंगी कागद संपला होता," साहेब कात्री मिरवत म्हणाले. "पण मी काही अडून बसलो नाही!"

एका पट्टीवर ओळखीची अक्षरं दिसली आणि ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, पुस्तक कापलंत तुम्ही?"

"अहो, ओरडता काय? पोरांनी फाडलंच असतं की! मी निदान सरळ रेषेत कापलंय."

ताई आणखी बोलणार, तोच पाहुणे दारात आले. दातओठ खात त्यांनी मुलांना पट्ट्या गोल वाकवून चिकटवायला शिकवल्या.



सगळ्यात धाकटीने आपल्या भोपळ्याच्या फटीला डोळा लावला आणि भर पाहुण्यांत ती किंचाळली, "ताई, तू फसवलंस! आत कुणीच नाहीये!"