माळावरची राखण

सून विद्यापीठात गिधाडांवर संशोधन करायची. वेदना थांबवायची एक ठरावीक सुई टोचलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात, हे घरात सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. म्हातारी गाय मेली तेव्हा तिने भीतभीतच विचारलं, “आई, हिला ती सुई दिली नव्हती ना?”

“खुळी समजतेस का मला?” सासू फणकारली.

गड्यांनी गाय माळावर नेऊन टाकली. दुपारी सून दुर्बीण घेऊन पोचली, तर सासू धापा टाकत, काठी आपटत गिधाडांना हुसकत होती.

“आई, खाऊ द्या की त्यांना. अकराच उरलीत.”

सासूने मान वर केली नाही. “मी यायच्या आत एक पोटभर खाऊन उडालं गं. तुमच्या विद्यापीठात त्यावर काही उतारा असेल ना?”