व्हिएन्नाचा गाडीखर्च

ऑस्ट्रियाची हद्द ओलांडली आणि गाडीतला फोन वाजला. म्युनिकहून साहेबांचा. शाल्मलीनं स्टिअरिंगवरचं बटण दाबून तो घेतला.

विमानाऐवजी स्वतःच्या गाडीनं कंपनीच्या व्हिएन्नातल्या कामाला निघायची तिची ही पहिलीच वेळ. खर्च मंजूर झाला, तर दर महिन्याला असंच जायचं. नाही झाला, तर तान्ह्या लेकीला घरी सोडून एकटीनं उडायचं.

"विमान असताना गाडी कशाला?" साहेबांनी विचारलं. तिनं घोकून ठेवलेलं जर्मन उत्तर जुळवायच्या आत मागच्या सीटवरून लेकीनं अशी आनंदाची किंकाळी ठोकली, की तिला भरवणाऱ्या सासूबाईंच्या हातातला मऊभात त्यांच्याच पदरात सांडला.

पलीकडे साहेब खो खो हसत सुटले. "कारण ऐकू आलं. किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतील, दर महिन्याला मिळतील. सावकाश जा."

शाल्मलीला हसू आवरेना. कसेबसे आभार मानून तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाला गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"हो म्हणाले, आई. दर महिन्याला आपण तिघी."

सासूबाईंनी पदरातली शितं वेचता वेचता नातीचा पापा घेतला. "एवढं घोकलंस, पण हिचं जर्मन तुझ्यापेक्षा बरं निघालं."