जेवून होईपर्यंत

खानावळीच्या दाराची काच फोडून ओरेस्ते आत कोसळला. कपाळ फाटलेलं, एक डोळा सुजून मिटलेला, पायात एकच बूट. त्याच्या मागोमाग गाव दारापर्यंत आला. कुणाच्या हातात कुदळ, कुणाच्या हातात दांडकं. सगळ्यांच्या पुढे बंदूक घेऊन नेल्लो होता, खानावळवाल्याच्या आर्जियाचा होणारा नवरा.

“बाहेर ओढा त्याला! भिंतीशी उभा करा!”

आर्जिया चुलीतली सळई घेऊन स्वयंपाकघरातून धावली. जर्मन कालच गाव सोडून पळाले होते. त्यांच्या जिवावर माजलेला हा फॅसिस्टांच्या काळ्या सदऱ्यातला माणूस आज हाती लागला होता. तिने सळई त्याच्या पाठीत घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तिने पुन्हा हात उचलला, तेव्हा बापाने मनगट धरलं.

“पुरे,” एजिस्तो म्हणाला. त्याने ओरेस्तेला बखोटीला धरून उठवलं, खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं आणि गर्दीकडे वळला. “हा माझ्या टेबलावर बसलाय. जेवेल. जेवून झालं की न्या.”

बोंदावाल्ली घराण्याच्या या खानावळीने रक्त काही पहिल्यांदाच पाहिलं नव्हतं. आर्जियाच्या पणजीने ती रेल्वेच्या मजुरांसाठी उघडली आणि पहिल्याच हिवाळ्यात पत्त्यांवरून इथे एकाचा मुडदा पडला. आजोबांनी संपकऱ्यांना फुकट जेवू घातलं म्हणून शिपायांनी टेबलं फोडली, आजोबांचा पाय मोडला. पुढे काळे सदरेवाले आले. याच ओरेस्तेने एजिस्तोला खुर्चीला बांधून बाटलीभर एरंडेल त्याच्या घशात ओतलं होतं. दुसऱ्या दिवशी भिंतीला धरून धरून एजिस्तो पीठ मळायला उभा राहिला. खानावळ बंद अशी कधी पडली नाही.

ती काही दिवस बंद पडली ती गेल्या नोव्हेंबरात. आर्जियाचा धाकटा भाऊ वाल्तेर डोंगरातल्या बंडखोरांना निरोप पोचवायचा. त्याला खानावळीतल्या दारूच्या पिंपांमागच्या चोरखोलीत लपवलं होतं. ओरेस्तेची माणसं आली, ती सरळ पिंपांपाशीच. कुठे शोधाशोध नाही की विचारपूस नाही. वाल्तेरला त्यांनी चौकातल्या दिव्याच्या खांबाला टांगलं आणि उतरवू दिलं नाही. मासळी बाजाराला जाणाऱ्या बायका मान खाली घालून त्याच्या पायांखालून जात.

त्याच आठवड्याच्या सुरुवातीला नेल्लोही पकडला गेला होता. पुढचे दात पडलेला, नखं उपटलेला असा तो परत आला. “एक शब्द काढू शकले नाहीत माझ्या तोंडून,” तो म्हणाला. आर्जियाने त्या फुटक्या तोंडाचा मुका घेतला आणि त्याच दिवशी लग्नाला हो म्हटलं.

आता एजिस्तोने गरम रश्शात शिजवलेल्या सारणाच्या छोट्या करंज्या वाढल्या आणि थाळी ओरेस्तेपुढे सरकवली.

“एजिस्तो, चळ लागला का रे तुला?” लोहाराची विधवा ओरडली. “पोराच्या मारेकऱ्याला वाढतोस?”

“खातोय तोवर थांबा. एवढंच मागतोय.”

लोक शिव्या देत राहिले, पण आत कुणी आलं नाही. युद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात एजिस्तोच्या चुलीवर जगला नाही, असा त्यांच्यात एकही नव्हता. आर्जिया सळई घट्ट धरून उभी होती. बाप म्हातारा झाला, तिला वाटलं. मोडला.

ओरेस्तेचा चमचा दातांवर आपटत होता. रक्त रश्शात ठिबकत होतं. एजिस्तो त्याच्या समोर बसला. काही विचारलं नाही, नुसता बघत राहिला. अर्धी थाळी संपली, तेव्हा ओरेस्तेने मान वर केली.

“मला वाढतोयस तू,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “एजिस्तो, ती खोली मला कुठे ठाऊक होती? मला सांगितली ती—”

खिडकीतून बार झाला. ओरेस्तेचं तोंड थाळीत आपटलं. रस्सा आणि मेंदू एजिस्तोच्या तोंडावर, सदऱ्यावर उडाला.

नेल्लोच्या बंदुकीतून धूर निघत होता.

“अरे, तो नाव सांगत होता!” आर्जिया किंचाळली. “माझ्या भावाला कुणी दाखवून दिलं, ते सांगत होता!”

“राहवलं नाही गं मला. वाल्तेर डोळ्यांपुढे आला.”

तिने विश्वास ठेवला असता. पण एजिस्तो तोंडही न पुसता उठला.

“हिच्या सख्ख्या भावाला टांगलं, हिला राहवलं,” तो म्हणाला. “लोहारणीचा नवरा जाळला, तिला राहवलं. तुला एकट्यालाच कसं राहवलं नाही, नेल्लो?”

नेल्लोच्या शेजारचा माणूस बाजूला सरकला. मग त्याच्या पलीकडचा.

“काका, तुम्हाला काय माहीत त्यांच्या तळघरात काय करतात,” नेल्लो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “पकडीने... एकेक नख...”

आर्जिया फुटक्या दारातून बाहेर गेली आणि तिने त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली. ती त्याच्यावर रोखली. नेल्लो पळाला नाही. तिने वळून बापाकडे पाहिलं.

एजिस्तो मेलेल्या माणसापुढची थाळी उचलत होता.

“नोव्हेंबरातच येऊन सांगायचंस, पोरा,” तो म्हणाला. “तुलाही वाढलं असतं.”